घरच्या कॉम्प्युटरवरचे कुठले प्रोग्रॅम ठेवायचे आणि कुठले उडवायचे? यादी बघून डोकं फिरलंय

रानजाई_नाशिक
नमस्कार मंडळी, इंदिरानगरमधून लिहितेय. घरात एकच डेस्कटॉप आहे आणि तो सगळ्यांचा आहे म्हणजे खरं तर कुणाचाच नाही. आय थ्री, सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबलं की निम्मा स्वयंपाक होतो तेव्हा कुठे क्रोम उघडतं, आणि त्यात एखादं लाईट बिल डाऊनलोड करून उघडायचं म्हटलं की परत ते गोल गोल सुरू.

ओळखीच्या एका दुकानदाराला फोन केला तर त्याने मशीन न बघताच निकाल दिला, "मॅडम प्रोग्रॅम जास्त झालेत, फॉरमॅट मारून देतो". मला फॉरमॅट नकोय. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचे किती वर्षांचे लेख त्यात आहेत, मिस्टरांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे त्याचं टॅली आणि जीएसटी यावरच चालतं, आणि लेकीचं बीसीएस नुकतंच झालंय तिचेही काय काय प्रोजेक्ट पडलेत. म्हणून म्हटलं आधी आपणच नको ते काढू. कंट्रोल पॅनलमधून यादी उघडली तर शंभराच्या वर नावं आणि त्यातली निम्मी मला कळतच नाहीत.

थोडी देते: मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल (हे एकटंच डझनभर वेळा आहे, प्रत्येकापुढे साल वेगळं), डॉट नेट, जावा, ॲडोबी फ्लॅश प्लेयर, क्विकटाइम, बोंजूर, पिकासा, श्रीलिपी, टॅली, एमसाइनर, कसला तरी टोकन ड्रायव्हर, मुदत संपलेला एक अँटीव्हायरस, एक ड्रायव्हर अपडेटर, एक पीसी क्लीनर, विनरार, व्हीएलसी, स्काइप, एमएस ऑफिस दोन वेगळ्या सालांचं, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, झॅम्प, अँड्रॉइड स्टुडिओ आणि प्रिंटरच्या कंपनीची पाच नावं. एकेक गुगल करत बसले तर प्रत्येक साइट म्हणते हा व्हायरस आहे आमचं रिमूव्हर घ्या. कसं ठरवायचं सांगा ना कुणीतरी.

फॉरमॅटभाऊ
ताई, इतका विचार काय करायचा, डेटा पेनड्राइव्हवर घ्या आणि मारा फॉरमॅट. दोन तासात मशीन नवीन. मी तर वर्षातून एकदा मारतोच.

सातपूरचा_हार्डवेअरवाला
भाऊ तुमच्या मशीनवर गेम आणि क्रोम असेल, यांच्याकडे टॅलीचं लायसन्स आहे आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहे. फॉरमॅट दोन तासांचा पण ती दोन परत जागेवर बसवायला आठवडा जातो, आणि श्रीलिपीचा जुना डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) किंवा सीडी सापडली नाही तर झालंच.

ताई, मी रिपेअरिंगचंच काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे यादी लांब आहे म्हणून मशीन स्लो, हे दुकानात सर्रास सांगतात पण ते तसं नसतं. इन्स्टॉल होऊन नुसता पडून असलेला प्रोग्रॅम म्हणजे माळ्यावर ठेवलेलं पातेलं, जागा अडवतो, गॅस खात नाही. गॅस खातात ती आत्ता शेगडीवर आहेत ती. तुमच्या ४ जीबी रॅममध्ये विंडोज १० स्वतःच दीड दोन जीबी घेऊन बसतं, उरलेल्यात काय काय चालू आहे ते आधी बघा. कंट्रोल शिफ्ट एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, खाली मोअर डिटेल्स दिसलं तर ते दाबा, मग स्टार्टअप नावाचा टॅब. तिथे प्रत्येकापुढे हाय मीडियम लो असं लिहिलेलं असतं. जे ओळखीचं आहे आणि सकाळी उठल्याउठल्या लागत नाही त्याला राइट क्लिक करून डिसेबल करा. हे केल्याने काहीही डिलीट होत नाही, उद्या हवं तर परत एनेबल.

दुसरं, काढायचं की नाही हे नावावरून ठरवू नका आणि साइझवरूनही नको. मी गिऱ्हाइकाला विचारतो की घरातलं कोण हे वापरतं, आणि काढल्यावर परत हवं झालं तर ते मिळेल का. व्हीएलसी बिनधास्त काढा, पुन्हा लागलं तर पाच मिनिटांत फुकट डाऊनलोड होतं. विनरार तसंच, त्याच्या जागी सेव्हन झिप चालतं. पण ज्याची सीडी हरवली आहे, ज्याची की कुठल्यातरी वहीत लिहिलेली होती, ज्याचं लायसन्स मशीनला बांधलेलं आहे, ते वर्षभर कुणी उघडलं नसलं तरी चौकशी केल्याशिवाय हात लावायचा नाही. एक्सपीमध्ये त्या यादीत शेवटचं कधी वापरलं ते लिहून यायचं, धड बरोबर नसायचं पण अंदाज यायचा. आता तेही नाही, आणि आता जी इन्स्टॉलची तारीख दिसते ती बऱ्याचदा शेवटच्या अपडेटची असते, तिच्यावर जाऊ नका.

तुमच्या त्या डझनभर व्हिज्युअल सी प्लस प्लसना हात लावू नका. ते स्वतः प्रोग्रॅम नाहीत, दुसऱ्या प्रोग्रॅमना लागणारे सामायिक भाग आहेत. २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ हे सगळे वेगवेगळे धरले जातात, २०१५ पासून पुढचे मात्र एकातच येतात. एक्स ८६ आणि एक्स ६४ असे जोडीने दिसतात तेही बरोबर आहे कारण ६४ बिटच्या विंडोजवरसुद्धा ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात आणि त्यांना ८६ वाला लागतो. सगळे मिळून जागा किती, काहीशे एमबी, आणि कुठला कुणाला लागतो हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. काढाल आणि मग एखादा प्रोग्रॅम डीएलएल (म्हणजे हेच सामायिक भाग) मिसिंग म्हणून रुसून बसेल. डॉट नेटचंही तेच.

डोळे झाकून काढायचे ते सांगतो. फ्लॅश, त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ॲडोबीनेच त्यात काही चालणं बंद केलं, त्यामुळे ते ठेवून उपयोग शून्य. क्विकटाइम, ॲपलने विंडोजसाठी २०१६ मध्येच सोडून दिलं आणि त्यात भोकं सापडल्यावर अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा खात्याने लोकांना ते काढून टाका म्हणून सांगितलं होतं. स्काइप मे २०२५ मध्ये बंदच झालं. बोंजूर आयट्यून्सबरोबर येतं, घरात आयफोन कुणी कॉम्प्युटरला जोडत नसेल तर जाऊ द्या. ड्रायव्हर अपडेटर आणि पीसी क्लीनर दोन्ही आजच काढा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून मशीन फास्ट होतं हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा असले रजिस्ट्री क्लीनर वापरायला पाठिंबा देत नाही.

आणि सुरू करायच्या आधी रिस्टोर पॉइंट करून घ्या. सर्चमध्ये क्रिएट अ रिस्टोर पॉइंट असं टाकलं की येतं, आधी सी ड्राइव्हला प्रोटेक्शन ऑन आहे ना बघा. त्याने काढलेला प्रोग्रॅम बऱ्यापैकी परत येतो, पण फायलींचा बॅकअप म्हणून त्यावर विसंबू नका, त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क.

पंचवटी_करसल्लागार
वरच्यांनी छान लिहिलंय, मी फक्त मिस्टरांच्या कामापुरतं बोलतो. वर्कशॉप प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर जीएसटी रिटर्नला डिजिटल सिग्नेचर लागतेच, मालकी हक्काचं असेल तर ओटीपीवर भागतं. तुमच्या यादीत एमसाइनर आणि टोकन ड्रायव्हर आहे म्हणजे बहुतेक ही डिजिटल सिग्नेचर (डीएससी) वापरात आहे. एमसाइनर म्हणजे जीएसटी पोर्टल आणि तो यूएसबी टोकन यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम. इन्कम टॅक्सच्या पोर्टलला वेगळा लागतो, त्याचं नाव एमब्रिज, यादीत असेल तर तोही ठेवा. टोकन ड्रायव्हर टोकनच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो काढला तर टोकन लावूनही सर्टिफिकेट दिसणार नाही, आणि हे नेमकं २० तारखेला, रिटर्नच्या मुदतीच्या दिवशी संध्याकाळी लक्षात येतं. माझ्याकडे असे फोन येतात म्हणून सांगतोय.

जावाबद्दल. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ब्राउझरमधलं जावा बंद केलं, त्यामुळे साइट बघण्यासाठी जावा लागतं ही समजूत जुनी झाली. पण मिस्टर ई टेंडर भरत असतील किंवा एखादं जुनं सरकारी युटिलिटी अजून वापरात असेल तर लागू शकतं. मिस्टरांना शनिवारी सुट्टी असेल ना, एमआयडीसीत बऱ्याच जणांना असते, तेव्हा त्यांना शेजारी बसवून एकेक विचारा. लागत नाही म्हणाले तर काढा, जावासुद्धा परत फुकट मिळतं.

टॅलीचं अनइन्स्टॉल करायचा विषयच नाही पण या निमित्ताने डेटाचा फोल्डर कुठे आहे ते बघून ठेवा आणि त्याची कॉपी बाहेर काढा. जुनं ईआरपी ९ आणि नवीन प्राइम अशी दोन्ही यादीत असतील तर कंपनीचा डेटा कुठल्यात उघडतोय ते बघितल्याशिवाय जुनं काढू नका.

डीटीपीवाली_मेनरोड
श्रीलिपीचं मी सांगते कारण अर्धं आयुष्य त्यात गेलंय. सासरेबुवांचे जुने लेख वर्डमध्ये असतील तर उघडून बघा फॉन्टच्या जागी काय नाव येतं. श्री देव असं काहीसं नाव आणि पुढे आकडे असतील तर तो मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखाच दिसणारा) नाही. म्हणजे आत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, फॉन्ट गेला की सगळा लेख अगम्य खुणांचा होतो. घाबरू नका, मजकूर तिथेच असतो, फॉन्ट परत आला की दिसतो, पण फॉन्ट परत आणायला तो आधी असायला हवा. त्यामुळे काही काढायच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर उघडा आणि त्यातले श्रीलिपीचे सगळे फॉन्ट दुसरीकडे कॉपी करा. वाचायला नुसता फॉन्ट पुरतो, टाइप करायला सॉफ्टवेअर लागतं.

आता पुढचं. काका अजून लिहितात का? लिहीत असतील तर त्यांना हळूहळू युनिकोडवर आणा. विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मराठी, ऑप्शन्स असं जाऊन जोडता येतो, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. ज्यांना इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) येतं त्यांच्यासाठी तेही आहे. पण ज्या माणसाची बोटं वीस वर्षं एका लेआउटवर बसलीत त्याला सुनेने एका रविवारी बदल म्हणून सांगू नये, त्यातून घरात फार वाजतं, हे माझं प्रामाणिक मत. श्रीलिपी राहू दे. ती स्टार्टअपला चालू होत असेल तर फक्त तिथून बंद करा, ते लेख लिहायला बसतील तेव्हा उघडतील.

जुने लेख युनिकोडमध्ये बदलून मिळतात, कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावेच लागतात.

रानजाई_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगत नाही.

हे केलं: रिस्टोर पॉइंट घेतला, सासऱ्यांचे लेख आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर टाकले (फॉन्टचं नाव श्री देवच निघालं, ताई तुम्ही अगदी बरोबर). फ्लॅश, क्विकटाइम, स्काइप, बोंजूर, क्लीनर, अपडेटर सगळं गेलं. क्लीनर काढताना त्याने खरंच जाताय का, एकदा विचार करा, ५० टक्के सूट देतो अशा तीन खिडक्या दाखवल्या. स्टार्टअपमधले बहुतेक सगळे डिसेबल केले. मिस्टर म्हणाले जावा लागत नाही, टेंडर आता दुसरीकडूनच भरतात. ऑफिसचं जुनं काढलं कारण नवीन चालू आहे आणि त्याची की मेलमध्ये सापडली.

फरक? आहे, पण थोडासाच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी अजून ८० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सुरुवातीला बराच वेळ १०० टक्के दाखवते. क्रोम बंद असतानासुद्धा. स्टार्टअपची यादी तर आता जवळपास रिकामी आहे. मग खातंय कोण?

फॉरमॅटभाऊ
सांगितलं होतं 😄

कोडगा_बीसीएस
काकू, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. ताईने बीसीएसला डेटाबेसच्या प्रॅक्टिकलसाठी टाकले असणार, आमच्या वर्गात सगळ्यांच्या मशीनवर आहेत आणि परीक्षा झाली की कुणी काढत नाही.

मुद्दा असा की टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये सर्व्हिसेस दिसतच नाहीत. सर्व्हिस म्हणजे विंडो न उघडता मागे चालणारा प्रोग्रॅम, तो लॉगिन करायच्या आधीच सुरू होतो. ओरॅकल एक्सप्रेस इन्स्टॉल केलं की त्याची सर्व्हिस ऑटोमॅटिकवर लागते. ११जी आवृत्ती असेल तर ती १ जीबीपर्यंत रॅम घेऊ शकते, १८सी किंवा २१सी असेल तर २ जीबीपर्यंत. तुमच्याकडे एकूण ४. आता विचार करा.

बघायचं कसं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा (इंग्रजीत हं, मी इथे देवनागरीत लिहिलंय). यादीत ओरॅकल सर्व्हिस एक्सई आणि लिसनर नावाची दिसतील, एसक्यूएल सर्व्हर त्याच्या खाली. डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल, मग स्टॉप. डिसेबल्ड करू नका, मॅन्युअल करा, म्हणजे ताईला कधी लागलं तर स्टार्ट दाबून चालू करता येईल.

एक गोची सांगतो. बरेच जण एमएस कॉन्फिग (विंडोजचंच सेटिंगचं टूल) उघडून तिथे हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर टिक करायला सांगतात म्हणजे फक्त बाहेरच्या दिसतात आणि चुकून विंडोजचं काही बंद होत नाही. सल्ला चांगला आहे पण एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचाच असल्यामुळे तोही त्या टिकेने लपतो. लोक तिथे बघतात, दिसत नाही, आणि आपल्याकडे नाही असं धरून चालतात.

दोन दिवस असं चालवून बघा आणि मग ताईला विचारून सरळ अनइन्स्टॉल. फक्त तिच्या प्रोजेक्टचा डेटा त्या डेटाबेसच्या आत असेल तर आधी एक्स्पोर्ट करायला सांगा, तो डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये नसतो, ओरॅकलच्या स्वतःच्या फायलींमध्ये असतो. झॅम्पचंही (वेबसाइट घरच्या मशीनवर चालवून बघायचं ते) तसंच, त्याच्या फोल्डरमधल्या एचटीडॉक्समध्ये तिचा प्रोजेक्ट असणार, तो कॉपी केल्याशिवाय काढू नका. अँड्रॉइड स्टुडिओ रॅम खात नाही बंद असताना, पण एमुलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) आणि एसडीके (ॲप बनवायची साधनं) मिळून डिस्कवर चांगली दहा वीस जीबी जागा घेतलेली असेल, आणि तो अनइन्स्टॉल केला तरी एसडीके बऱ्याचदा मागे राहतं, ते युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये शोधावं लागतं.

सातपूरचा_हार्डवेअरवाला
शाब्बास रे. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं असं नाही म्हणणार, पण दुकानात येणाऱ्या घरगुती मशीनवर ओरॅकल क्वचित असतं. ताई हेच आहे बहुतेक.

निवृत्त_ओझर
मी एचएएलमधून निवृत्त, घरी बसून हेच उद्योग करतो. दोन गोष्टी सुटल्या आहेत.

एक, मुदत संपलेला अँटीव्हायरस. तो असाच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तो नवीन धोके ओळखत नाही आणि तो जागेवर बसलेला असताना विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर मागे सरलेला राहू शकतो. एक तर पैसे भरून चालू ठेवा नाहीतर पूर्ण काढा. साध्या अनइन्स्टॉलने अवशेष राहिले तर बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात, ते त्यांच्याच साइटवरून घ्या, गुगलच्या पहिल्या जाहिरातीतून नको. काढल्यावर मशीन रिस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटी उघडा आणि व्हायरस प्रोटेक्शनपुढे हिरवी खूण आली का बघा. घरगुती वापराला डिफेंडर पुरतो असं माझं मत, दोन अँटीव्हायरस एकत्र मात्र कधीही ठेवू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या यादीत रिमोटवाला एखादा प्रोग्रॅम आहे का, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून तुमची स्क्रीन चालवता येते असा? कुणी दुरुस्तीवाल्याने किंवा कस्टमर केअर म्हणून फोन करणाऱ्याने टाकायला लावलेला? प्रोग्रॅम म्हणून ते वाईट नसतात, कंपन्यांमध्ये रोज वापरतात. पण २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या मार्गाने खात्यातले पैसे काढले जातात अशी सूचना बँकांना दिली होती, आणि तो प्रकार नावं बदलून अजून चालूच आहे. ज्या मशीनवर बँकिंग होतं आणि घरातले ज्येष्ठ फोन उचलतात तिथे असा प्रोग्रॅम कायमचा नको. लागेल तेव्हा टाका, काम झालं की काढा. कधी फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण.

बाकी पिकासाबद्दल कुणी बोललं नाही. गुगलने ते २०१६ मध्ये बंद केलं, पण असलेलं चालतं, माझ्याकडेही आहे. फोटो त्याच्यात नसतात, तुमच्या फोल्डरमध्येच असतात, तेव्हा काढलं तर फोटो जाणार नाहीत, पण कुणी माणसांच्या चेहऱ्यांना नावं दिली असतील किंवा अल्बम केले असतील तर ती मेहनत पिकासातच दिसते. आणि आता ते परत अधिकृत जागेवरून मिळत नाही. म्हणजे सातपूरकरांच्या हिशोबाने न काढण्यातलं.

फॉरमॅटभाऊ
सगळं ठीक, पण विंडोज १० चा सपोर्टच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. फ्लॅश जुनं म्हणून काढताय आणि आख्खी विंडोज जुनी तिचं काय? आता तरी माझं ऐका, विंडोज ११ टाका.

सातपूरचा_हार्डवेअरवाला
मुद्दा बरोबर आहे भाऊ, उपाय चुकला. सहाव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृत नाही, इंटेलमध्ये आठव्यापासून पुढे आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) पाहिजे. जुगाड करून टाकतात लोक पण ज्या मशीनवर जीएसटी भरतात तिथे मी ते करत नाही. विंडोज १० ला एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट आहेत, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण ते आपोआप येत नाहीत, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. ताई ते नक्की करा. त्यानंतर मशीनच बदलायचा विचार करावा लागेल, तोपर्यंत खर्च बेताने.

रानजाई_नाशिक
कोडगा, तुझ्या आईला सांग मुलगा हुशार आहे. ओरॅकल ११जी निघालं आणि एसक्यूएल सर्व्हरपण, दोन्ही ऑटोमॅटिकवर. मॅन्युअल करून रिस्टार्ट केलं तर मेमरी साठच्या आसपास आली आणि क्रोम भाजी फोडणीला टाकेपर्यंत उघडलं. लेक म्हणाली "अगं आई ते सेकंड इयरचं आहे, काढून टाक", मग मी एक्स्पोर्टचं विचारलं तेव्हा म्हणाली थांब थांब. आता रविवारी ती स्वतः बसून काढणार आहे, झॅम्प आणि अँड्रॉइड स्टुडिओसकट.

अँटीव्हायरस काढला, हिरवी खूण आली. ओझरकाका, रिमोटचा प्रोग्रॅम होता हो! यादीत खाली होता, मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलाच नव्हता. प्रिंटर बसवताना कुणीतरी फोनवरून टाकायला लावला होता, सासऱ्यांना आठवतंय. काढला. पिकासा राहणार, सासऱ्यांनी सगळ्या नातेवाइकांना नावं दिलीत त्यात, अगदी येवल्याच्या चुलत आत्यांपर्यंत.

आता दोनच गोष्टी. प्रिंटरची ती पाच नावं, आम्ही प्रिंट आणि स्कॅन दोन्ही करतो, झेरॉक्सपण. आणि रॅम वाढवावी का, हे म्हणतात एकदाच एसएसडी टाकू.

सातपूरचा_हार्डवेअरवाला
प्रिंटरमध्ये ज्याच्या नावात ड्रायव्हर किंवा बेसिक डिव्हाइस सॉफ्टवेअर आहे ते आणि स्कॅनचं ते ठेवा. प्रॉडक्ट इम्प्रूव्हमेंट स्टडी, शाई मागवायचं, फोटो सजवायचं, मदत पुस्तिका हे सगळं काढलं तरी प्रिंट येते. एकेक काढा आणि प्रत्येकानंतर एक पान स्कॅन करून बघा, सगळी एकदम नको.

दोन्हीपैकी एकच करायचं तर आधी एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क), ती डिस्क १०० टक्के दिसते ना त्याचा त्रास त्यानेच जातो. २५० जीबीच्या आसपासची पुरेल, विंडोज आणि प्रोग्रॅम तिच्यावर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करून घ्यायचे आणि जुनी १ टीबी डेटासाठी तशीच राहू द्यायची. क्लोन म्हणा, फ्रेश इन्स्टॉल म्हणू नका, म्हणजे टॅली श्रीलिपी पुन्हा बसवावं लागणार नाही, तरी टॅलीचं लायसन्स एकदा उघडून तपासा, हार्डवेअर बदललं की कधी कधी रीॲक्टिव्हेट मागतं. क्लोन करायच्या आधीच ओरॅकल वगैरे काढून घ्या, उगीच नव्या डिस्कवर कशाला न्यायचं.

रॅमसाठी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी असं गेलात की स्लॉट किती वापरात ते दिसेल. एक रिकामा असेल तर अजून ४ जीबीची पट्टी बसते. पण सहाव्या जनरेशनचे बोर्ड डीडीआर ३ एल आणि डीडीआर ४ दोन्ही प्रकारचे आले होते आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा एमजी रोडला जाताना मिस्टरांना आतली पट्टी काढून सोबतच न्यायला सांगा, नाहीतर तिच्यावरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो.